यमुना गाडीत चढली की नाही

७ सप्टेंबर, रविवार

नवं ‘फाटक’ आजपासून टीव्हीवर सुरू. दर रविवारी आठला. आज माझी मुक्कामाची गाडी, म्हणून शिरूरहून निघतानाच ड्रायव्हर शेळकेंना सांगून ठेवलं, न्हावऱ्याला आठच्या आत टेकवा. म्हणाले, “बाई, ही यष्टी हाय, विमान न्हाई.” तरी टेकवली. पाय न धुताच टीव्ही लावला.

पहिलं चित्र तेच. रेल्वेचं फाटक, शेजारी गेटमनचं क्वार्टर, दारात गेटमनची बायको यमुना. नवऱ्याचा नियमही तोच, रूळ ओलांडायचे नाहीत. बाकी काही तेच नाही. जुन्यात गेटमन हातानं चाक फिरवून फाटक खाली घ्यायचा, ती करकर ऐकली की आम्ही बायका जेवण टाकून पळायचो. हा बटण दाबतो. यमुनेच्या हातात मोबाईल. इथून पुढं जुनीला जु. य. आणि नवीला न. य. असं लिहीन, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

जु. य.ची साडी कुठल्या रंगाची ते मला आजतागायत माहीत नाही. सासरच्या गावात टीव्ही एकच, इथं न्हावऱ्यात पण एकच, डेअरीतला, आणि दोन्ही काळे-पांढरे. मी मनात लाल धरून ठेवली आहे.

संपल्यावर अक्काचा दौंडहून फोन. “बया, केवढं ते क्वार्टर. गेटमनला असलं मिळतं व्हय? तुझे दाजी न्हाणीला दार मागून मागून म्हातारे झाले.” दाजी रेल्वेतच होते. आज असते तर त्यांनीच टीव्हीला शिव्या घातल्या असत्या.

मागं अश्विनीचा आवाज होता. बघतेय म्हणजे. नागपंचमीला माहेरी आलेली अक्काची पोरगी अजून सासरी गेलेली नाही. त्यावर दोघी काहीच बोललो नाही. न. य.च्या केसांवर मात्र दहा मिनिटं बोललो.

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळच्या गाडीत बायकांना दुसरा विषय नाही. न्हावऱ्याची एक म्हणाली, “नवी पण शेवटी यमुना करतीय का बघू.” मग माझ्याकडं बघून जीभ चावली. मी म्हटलं, बाई, पुढं सरका आणि सुट्टे काढा.

आमच्याकडं हा शब्दच होऊन बसलाय. बाई सासर सोडून आली की तिनं यमुना केली. माझ्याबद्दल तेव्हा मागं बोलायचे. आता तोंडावर बोलतात आणि वर आदरानं. कंडक्टरचा बिल्ला लागल्यापासून.

१४ सप्टेंबर, रविवार

भा. २. जुना नवरा मिशीवाला, ओरडायचा, ताट फेकायचा. नवा गोरा, गोड बोलतो. “तुझ्या काळजीपोटी सांगतो गं.” मला तो जुन्यापेक्षा वाईट वाटला. जुन्याचं निदान कळत तरी होतं.

अक्का फोनवर: “ह्यो बरा वाटतो. समजून घेणारा.”

मी म्हटलं, काळजी आहे तर बाहेरून कडी कोण लावतं मग?

न. य.च्या दाराला कडी कुणी लावली नव्हती. कडी लावतो तो अश्विनीचा नवरा नितीन. कारेगावला कंपनीत आहे. सेकंड शिफ्टला जाताना खोलीला बाहेरून कडी घालून जातो, येतो तेव्हा काढतो. तुझ्याच काळजीनं, परप्रांतातली पोरं राहतात आजूबाजूला. त्याची आई गावाकडून फोनवर विचारते, घातली का.

अक्का म्हणाली भाजी करपतेय आणि ठेवला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दौंडला गाडी तासभर उभी. अक्काकडं गेले. तिचे नवरात्राचे उपास. मला उपास नाही, तरी भगर आणि दाण्याची आमटी दोन वाट्या खाल्ली. “उपास माझा आन् पोट तुझं,” म्हणाली.

अश्विनी बारीक झालीय. पण चेष्टा करते. तिनं एक गंमत सांगितली. मैत्रिणीला म्हणाली, माझ्या मावशीनं यमुना केली होती, तर मैत्रीण म्हणे, काय केली? तिनं आईला विचारलं. त्या बाईंनी जुनं ‘फाटक’ अख्खं बघितलेलं, तरी त्यांना पण कळेना. “मावशी, दौंडात हे कुणीच म्हणत नाही. फक्त तुमच्या न्हावऱ्यात.” मी म्हटलं, दौंडचे लोक साहेब, त्यांना आमची भाषा कुठली कळायला.

अक्का तेवढ्यात उठून आत गेली.

निघताना दारात मला हळूच म्हणाली, “तिच्या सासूचा फोन आला हुता. दिवाळीनंतर बैठक करू म्हणत्यात. पोरीनं किती दिवस बसायचं?” म्हटलं, पोरीला विचारलंस का? “तिला काय इचारायचं? तिला कळतंय व्हय.” सव्वीस वर्षांची पोरगी, लॅबमध्ये नोकरी करत होती. लोकांच्या रक्तातली साखर सांगायची. हिला म्हणे कळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

भा. ५. अर्ध्यात लाईट गेली. न. य. बाजारात चालली होती. पोचली का माहीत नाही. मेणबत्तीवर लिहितेय.

जुन्याच्या शेवटच्या भागाला पण अशीच गेली होती. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालेलं, मी चार दिवस म्हणून माहेरी आलेली. डेअरीत पाय ठेवायला जागा नव्हती. फाटक खाली आलेलं, पॅसेंजर येऊन थांबलेली, यमुना ट्रंक घेऊन पहिल्यांदाच रुळापाशी उभी, मागून नवरा येतोय, आणि टप्. सगळं काळं. कुणी हललं नाही. डेअरीचे चेअरमन आबा म्हणाले, येईल येईल, बसा. बसलो. आली नाही.

दौंडला रेल्वे कॉलनीत रेल्वेची लाईट, ती जात नसे. अक्का तिथं. दुसऱ्या दिवशी ती न्हावऱ्याला आली आणि गिरणीवर बायकांनी तिला घेरलं. पुढं काय झालं. अक्का म्हणाली, “चढली. गाडीत चढली. मागं वळून बघितलं न्हाई.” मी दळणाचा डबा धरून तिथंच उभी होते. गावात जुन्या ‘फाटक’चा शेवट बघितलेली ती एकटी. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांचा झाला.

त्याच आठवड्यात सासरचे मला न्यायला आले. मी म्हटलं, येत नाही. नंतरचं लांबलचक आहे, ते आता नको. लाईट आली.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची गर्दी. जादा फेरी लावली. भा. ७ बुडाला. पाय सुजलेत. एक माणूस बोकड घेऊन चढत होता, त्याच्याशी भांडले. बोकड शांत होता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज. नितीन त्याच्या मामाला घेऊन दौंडला येऊन गेला. मिठाई, साडी. अक्कानं फोनवर कौतुकानं सांगितलं. म्हटलं, कडीचं काय बोलला? तर म्हणे मामा बोलले, “बाहेरून कडी सगळ्यांच्याच दाराला असते.” आणि सगळे हसले. अक्का पण हसली असणार. तिनं ते सांगितलं नाही, पण मला माहीत आहे.

बैठक ठरली. ७ डिसेंबर, रविवार, दुपारी, अक्काकडं. ते गाडी घेऊन येणार, जेवणार आणि पोरीला घेऊन जाणार. बैठक कसली यात? मी ओरडले. अक्का म्हणाली, “तू मधी पडू नको मंगल. तुझं येगळं हुतं.” वेगळं काय होतं ते विचारायचं राहिलं. रागानं फोन मीच ठेवला.

२ नोव्हेंबर, रविवार

भा. ९. अक्काचा फोन नाही. मीही केला नाही. भाग बरा होता, कुणाला सांगायचं म्हणून गप्प बसले. शेवटी शेळकेंना सकाळी सांगेन. त्यांना काही कळत नाही, पण ऐकून घेतात.

९ नोव्हेंबर, रविवार

कारखाने सुरू झालेत. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं गाडी सरपटत आली, पुढं जायला जागा नाही. पहिली दहा मिनिटं गेली.

भा. १०. एक कबूल करायला पाहिजे, ही न. य. आता जमायला लागली. फाटक बंद असताना पलीकडच्या बसमधल्या बायकांशी लांबूनच बोलते, तो प्रसंग जुन्यातही होता. जु. य. नुसतं बघायची. ही बोलते. मला हिचं बोलणं आवडलं. पण जु. य. बघायची तेव्हा पोटात तुटायचं, तसं काही झालं नाही.

मध्ये जाहिरात: ‘शेवट तोच, जो आपण विसरलेलो नाही.’ मी टाळी वाजवली, एकटीच. म्हणजे चढणार.

अक्काला नाही, अश्विनीला फोन लावला. म्हटलं, बघ, तुझ्या बैठकीच्या आधी यमुना गाडीत बसते की नाही. ती हसली. “मग मावशी, मी शेवट बघूनच ठरवते.” म्हटलं, ठरव. चेष्टाच होती. पण फोन ठेवल्यावर वाटलं, पोरीला दुसरं कुणी काही विचारलेलंच नाही, मग ती तरी काय करणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल भा. ११. अक्का आपणहून फोनवर. रडवेली. “मंगल, त्यो शेवट बघू देऊ नको तिला.” म्हटलं, का? “उगं डोक्यात घेईल.” मी म्हटलं, डोक्यात घेण्यासाठीच असतो शेवट. मी नाही का घेतला? त्यावर तिनं फोनच ठेवला. मला वाटलं रेंज गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

शेवटचा भाग. लाईट अगदी टुणटुणीत. जायची तर आज जायची होती.

न. य. रुळापाशी आली. गाडी थांबली. नवरा मागं आला, “यमू” म्हणाला. हिनं बॅग खाली ठेवली. गाडी गेली. फाटक वर गेलं. ही वळली आणि क्वार्टरमध्ये गेली. चहा ठेवला. दोन कप. संपलं.

मी टीव्हीसमोर उभी राहून त्यांची आई काढली. शेवट तोच म्हणे. थापाडे मेले. एवढी तेरा आठवडे गाडी आणून उभी केली, आणि चहा?

अश्विनीचा मेसेज आला. नुसतं ‘हं’.

१ डिसेंबर, सोमवार

गाडीत कल्ला. चेअरमन आबा आता नव्वदीचे, काठी टेकत दवाखान्यात निघालेले. म्हणाले, “शेवट बदलला. आमची यमुना गेली व्हती. आख्ख्या गावाला म्हाईत हाय.” सगळी गाडी व्हय व्हय म्हणाली. मागं एक रिटायर मास्तर बसले होते, दौंडचे. ते म्हणाले, “अहो, जुन्यातही ती परतच जाते. मी पाहिलाय तो भाग.”

मास्तरांना खाली उतरवायचंच बाकी ठेवलं लोकांनी. मीही म्हटलं, मास्तर, तुम्ही दुसरंच काही बघितलं असेल. ते बिचारे खिडकीबाहेर बघत बसले. उतरताना मला म्हणाले, “बाई, तुम्ही स्वतः पाहिलात का?” मी घंटी मारली.

३ डिसेंबर, बुधवार

अश्विनीनं लिंक पाठवली. जुनं ‘फाटक’ कुणीतरी जुन्या कॅसेटवरून नेटवर टाकलंय, तेराच्या तेरा भाग. तिचा मेसेज: ‘शेवटचा भाग शनिवारी आपण तिघी मिळून बघू. मी अजून उघडला नाही. शप्पथ.’

मला शनिवारपर्यंत कुठला दम. दौंड स्टँडला गाडी लावली, शेळके चहाला गेले, मी मागच्या सीटवर बसून लावला. चित्र हलतंय, आवाज पाण्यातून आल्यासारखा, पण करकर तीच. अंगावर काटा आला.

साडी हिरवी आहे.

ती परत गेली. ट्रंक उचलून परत गेली. चूल पेटवली. क्वार्टरच्या कौलातून धूर, आणि नावं वर सरकायला लागली.

दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा लावलं आणि बंद केलं. मास्तरांनी विचारलेलं आठवलं. शेळके आले, म्हणाले, “काय बाई, कोण गेलं?” म्हटलं, कुणी गेलं नाही. तेच तर.

४ डिसेंबर, गुरुवार

रजा टाकली. पहिल्या गाडीनं दौंड, प्रवासी म्हणून. अश्विनी बँकेत गेली होती. अक्का मेथी निवडत बसलेली.

म्हटलं, अक्का, यमुना परत गेली.

“व्हय, ह्या नव्या लोकांना काय...”

जुनी, म्हटलं.

हात थांबले तिचे. मग परत निवडायला लागली. “कवा बघितलं?”

काल.

“लई उशिरा बघितलंस.”

मी भांडायला गेले होते. सगळं ठरवून गेले होते, काय काय बोलायचं. माझं आख्खं आयुष्य हिच्या एका थापेवर उभं, आणि ही मेथी निवडतेय. म्हटलं, गिरणीवर काय सांगितलंस तू?

“आठवतंय मला.”

का सांगितलंस?

“तू डबा धरून हुबी हुतीस. बांगड्या वर सरकल्या हुत्या आन् मनगटाला वळ. बाकीच्या बायका नुसत्या इचारत हुत्या, पुढं काय झालं. तू इचारलंस, अक्का, चढली का गं. आता तूच सांग, मी काय सांगायला पायजे हुतं?”

मला हे आठवत नाही. वळ आठवतात. मी काय विचारलं ते आठवत नाही.

“कितींदा वाटलं सांगावं. मग तू बिल्ला लावून यष्टीच्या दारात दिसायचीस, आन् ऱ्हायलं.”

मग पोरीला का सांगत नाहीस तेच? इथं माझा आवाज चढला. तेव्हा दुसऱ्याच्या बायकोला गाडीत बसवलंस आणि स्वतःच्या पोरीला कडीत घालायला निघालीस?

अक्का पण चिडली. जुडी टाकली खाली. “तू गेलीस म्हंजी काय झालं, ते मी बघितलंय. आई वरीसभर कुणाच्या हळदीकुंकवाला गेली न्हाई. दादानं तुझं ताट येगळं केलं. लोकांच्या कांद्यात खुरपायला जायचीस तू, उन्हाची. समदं माझ्या एका शब्दानं. बहिणीला बोलून बसले. पोरीला बोलायचं धाडस होत न्हाई गं.”

कांद्यात खुरपत होते, म्हटलं, पण माझ्या दाराला कडी आतून होती.

तेवढ्यात अश्विनी आली, म्हणाली, “काय झालं?” अक्का म्हणाली, मेथी कडू निघाली. मी न जेवता निघाले. छत्री तिथंच राहिली. या दिवसांत छत्री कशाला नेली होती कोण जाणे.

राग आहे. खूप आहे. आणि सोबत काहीतरी दुसरं आहे, ते रागावताना मध्ये येतं.

६ डिसेंबर, शनिवार

दुपारी ड्युटी संपली, तशीच दौंडला. खरं तर जायचं नव्हतं. बैठक उद्या. अक्कानं उद्याच्या स्वयंपाकाचं सामान आणून ठेवलेलं, नितीनच्या मामाला आवडते म्हणून बासुंदीचं दूध सांगितलेलं. ते बघूनच डोकं फिरलं, पण नुसती छत्री मागितली.

अश्विनीनं फोन टीव्हीला जोडला. “बसा गं दोघी. शेवट तरी बघू खरा.” मी पलंगावर. अक्का दाराशी पाटावर, लाईटच्या बोर्डाखाली.

सुरू झाला. अश्विनी साडी बघून म्हणाली, “मावशी, हिरवी आहे बघ.” मी म्हटलं, अगंबाई. फाटक खाली आलं, करकर. यमुना ट्रंक घेऊन निघाली. पोरगी पुढं सरकून बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. टीव्हीकडं न बघता मी तिच्याकडंच बघत होते. म्हटलं, आता दोन मिनिटांत धूर निघणार, आणि ही उद्या जाणार. थांबवावं का? काय म्हणून थांबवावं? पॅसेंजर येऊन थांबली. मागून नवरा.

टप्. टीव्ही बंद.

“लाईट गेली,” अक्का म्हणाली.

डोक्यावर पंखा फिरत होता.

अश्विनी वर बघत म्हणाली, “आई, पंखा चालूय. ट्यूब चालूय.”

“गेली म्हंते ना.” अक्का उभी होती, हात बोर्डावर. खाली घेईना. “पुढचं मी सांगते. मी बघितलंय. चढली ती.”

अश्विनी माझ्याकडं वळली. “मावशी, खरं?”

मी म्हटलं, मला काय विचारतेस, आमच्याकडं तेव्हा लाईट गेली होती. हे खोटं नाही.

“चढली,” अक्का म्हणाली. “मागं वळून बघितलं न्हाई. पुढं लई हाल झालं तिचं. भावानं ताट येगळं केलं. लोकांच्या कांद्यात खुरपायला गेली. आईनं बोलणं टाकलं. मग बारावी केली, मग बिल्ला लागला, मग घरावर पत्रा टाकला सोताच्या पैशानं. म्या डोळ्यांनी बघितलंय समदं.”

“हे सगळं त्या एका भागात होतं?” अश्विनीनं विचारलं.

“व्हय.”

पोरगी हसली नाही. फोन तिच्या हातातच होता, बोट लावलं असतं तर पुढचं दिसलं असतं. तिनं तो पालथा करून पलंगावर ठेवला.

मला रडू आलं. तिघींत मीच रडले. अक्का म्हणाली, “तुला काय झालं आता, चहा घेतीस का?” घेतला. बासुंदीच्या दुधाचा केला तिनं.  अश्विनीचा फोन वाजत होता पलंगावर, पालथाच. नितीनचा असणार.

७ डिसेंबर, रविवार

सकाळची दौंड-शिरूर. थंडी. गाडी निम्मी रिकामी. शेळकेंनी इंजिन सुरू केलं होतं, मी पायरीवर उभी राहून न्हावरे-शिरूर, न्हावरे-शिरूर ओरडत होते.

स्टँडच्या गेटातून अश्विनी आली. खांद्याला बॅग, कॉलेजला न्यायची ती. मागं अक्का, हातात डबा.  अक्का गाडीजवळ आलीच नाही, रसवंतीच्या बंद दुकानापाशी थांबली. डबा अश्विनीनं तिच्याकडून घेतला. जड दिसला, तिचा-माझा दोघींचा असावा.

चढली. माझ्या शेजारच्या सीटवर बसली.

मी तिकिटाचं मशीन हातात घेतलं. ही गाडी न्हावऱ्यावरून जाते, तिथं माझं घर. पुढं शिरूर, तिथून कारेगावची गाडी लागते. पुण्याचीही लागते. आणि दुपारी इकडं दौंडात माणसं जेवायला येणार आहेत.

म्हटलं, कुठलं देऊ?

ती खिडकीतून आईकडं बघत होती. म्हणाली, “मावशी, आधी गाडी तर सुटू दे.”

मी डबल बेल दिली.